आज संध्याकाळची बैठक कुठे आहे?

मद्यविक्रीचा परवाना हा आपल्या प्रशासनातील अत्यंत काटेकोर दस्तऐवजांपैकी एक आहे. कर्नाटकात किरकोळ विक्रीच्या दुकानासाठी 'सीएल-२' आणि बारसाठी 'सीएल-९' असे परवान्यांचे प्रकार आहेत. जागा कोणती, ती शाळेपासून व देवळापासून किती अंतरावर आहे, दुकान केव्हा उघडायचे, केव्हा बंद करायचे, हे सारे ठरलेले असते. नूतनीकरणाची तारीख चुकत नाही आणि शुल्काचा हिशेब रुपयापर्यंत जुळतो. अबकारी खात्याच्या निरीक्षकाला झोपेतून उठवून विचारले, तरी आपल्या हद्दीतील प्रत्येक दुकानाचा पत्ता तो सांगू शकेल. इतकी अचूक माहिती राज्यसंस्थेकडे फार थोड्या विषयांची असते.

आता त्याच शहरात, त्याच राज्यसंस्थेला उलटा प्रश्न विचारून पाहावा. ज्याला दारू सोडायची आहे, एकट्याने सोडवत नाही हे ज्याला कळून चुकले आहे, त्याने आज संध्याकाळी कुठे जावे? दाखल होण्यासाठी नव्हे, तर आपल्यासारख्याच इतरांच्या सोबत तासभर बसण्यासाठी. या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी कोणत्याही खात्याच्या कोणत्याही टेबलावर नाही.

हा प्रश्न मला प्रत्यक्ष विचारला गेला, म्हणून हे लिहितो आहे. निवृत्तीनंतर वर्षातील तीन-चार महिने माझा मुक्काम बंगळुरूला, बसवनगुडीत मुलीकडे असतो. प्लेगच्या साथीनंतर १८९८ च्या सुमारास मल्लेश्वरमबरोबर वसवलेली ही वस्ती. दोड्ड बसवण्णाचे देऊळ, गांधी बाजारातील फुलांचे ढीग, विद्यार्थी भवनाबाहेर डोशासाठी ताटकळणारी माणसे, कार्तिकातील शेवटच्या सोमवारची शेंगदाण्यांची जत्रा. येथील मध्यमवर्ग आपल्या सदाशिव पेठेला शोभावा असा: शिक्षणाचे वेड, संगीताची आवड आणि घरातील गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ न देण्याची पराकाष्ठा. मराठी माणसाला हा भाग अगदीच परका नाही. शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून मराठी बोलणारी कुटुंबे या शहरात आहेत, आणि आता संगणकाच्या नोकऱ्यांसाठी आलेली नवी पिढी आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जुन्या खात्यातील एका अव्वल कारकुनाचा फोन आला. त्यांचा भाचा बसवनगुडीत भाड्याच्या खोलीत राहत होता. नोकरी जाण्याच्या बेतात होती. "साहेब, पोरगा स्वतःहून म्हणतोय की मला मीटिंगला जायचंय. पुण्यात असता तर मी हाताला धरून नेलं असतं. बंगळुरात कुठं पाठवू?" ज्या घरात हा प्रसंग आला आहे त्यांना सांगायला नको, की व्यसनी माणूस 'स्वतःहून म्हणतो' तो क्षण अल्पायुषी असतो. सकाळी असलेली इच्छा संध्याकाळपर्यंत टिकेलच असे नाही. म्हणजे हे काम अर्जाच्या नव्हे, रुग्णवाहिकेच्या गतीने व्हायला हवे.

मी सवयीप्रमाणे सरकारी यादीपासून सुरुवात केली. एका कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या यादीतील पहिला क्रमांक अस्तित्वात नव्हता. दुसरा उचलला गेला, पण ते आता औषधांचे दुकान होते. तिसऱ्या ठिकाणी आवाज आपुलकीचा होता, परंतु त्यांनी प्रथम अनामत रकमेचा आकडा सांगितला आणि 'पेशंटला उचलून आणायला आमची गाडी येईल' असे आश्वासन दिले. मुलगा स्वतःच्या पायांनी यायला तयार आहे, हे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते. यादीवर प्रसिद्धीची तारीख नव्हती. प्रशासनातील माणसाला ही एक खूण पुरेशी असते: ज्या यादीवर तारीख नाही, ती कोणी तपासत नाही.

शेवटी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या दूरध्वनीवर निरोप ठेवला. तासाभरात एका गृहस्थाचा उलट फोन आला. त्यांनी आपले फक्त पहिले नाव सांगितले. त्यांनी मुलाचे नाव, जात, नोकरी, पगार काहीही विचारले नाही. विचारले ते एवढेच: रोज पितो का, किती, शेवटची केव्हा घेतली, आणि पूर्वी कधी बंद केल्यावर हात थरथरणे, झटके येणे, भास होणे असे काही झाले होते का? उत्तरे ऐकून ते म्हणाले, "मीटिंग उद्या. आज आधी डॉक्टर." आणि निम्हान्सला जाण्याचा सल्ला दिला.

या सल्ल्याचे महत्त्व सर्वसामान्य वाचकाला माहीत नसते, म्हणून थोडे थांबतो. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम व वात होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवू शकतो. 'मनाचा निग्रह कर आणि आजपासून बंद' हा घरोघरी दिला जाणारा उपदेश काही माणसांच्या बाबतीत थेट धोक्याचा आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे दुकाने एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बंगळुरूच्या रुग्णालयांत अशा गंभीर अवस्थेतील रुग्ण एकाएकी वाढल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. ४ मे २०२० रोजी कर्नाटकात दुकाने उघडली आणि रांगांची छायाचित्रे सर्वत्र झळकली. त्या रांगांवर विनोद पुष्कळ झाले. त्यांतील काही जण शौकासाठी नव्हे, तर थरथर थांबावी म्हणून उभे असतील, असे फार थोड्यांच्या मनात आले.

बसवनगुडीचे भाग्य असे की, देशातील मानसिक आरोग्याची अग्रगण्य संस्था तेथून रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर, होसूर रस्त्यावर आहे आणि तिच्यात व्यसनोपचाराचे स्वतंत्र केंद्र आहे. पण रुग्णालय शरीरातील विष उतरवते, औषध देते, समुपदेशन करते. नंतर माणूस घरी येतो. घर तेच, पगाराची तारीख तीच, कोपऱ्यावरचे दुकान तेच. संध्याकाळी साडेसात वाजता त्याला जी पोकळी गिळायला येते, ती भरून काढण्याची सोय बाह्यरुग्ण विभागात नसते. बैठक लागते ती तेथे.

ही बैठक म्हणजे नेमके काय, याबद्दल अधिकारीवर्गात विलक्षण अज्ञान आहे. अनेकांना ते प्रवचन वाटते, काहींना धर्मप्रसार. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअरबाजारातील मनुष्य आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद एकमेकांना भेटले. दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले. विल्सनच्या ध्यानात असे आले होते की, आपण दुसऱ्या दारुड्याशी बोलत असतो तेव्हा आपल्याला दारू लागत नाही. सारी चळवळ या एका निरीक्षणावर उभी आहे. उपदेशक नाही, डॉक्टर नाही, फी नाही, हजेरीपुस्तक नाही. सभासदत्वाची अट एकच: दारू सोडण्याची इच्छा. कोणी आपले पहिले नाव सांगतो, स्वतःची हकीकत सांगतो, इतर ऐकतात, मध्ये कोणी टोकत नाही. चहा होतो. शेवटी एक पिशवी फिरते, तीत ज्याला जमेल तो दहा-वीस रुपये टाकतो आणि त्यातून जागेचे भाडे व चहाचा खर्च निघतो. भारतात हे काम १९५७ पासून चालू आहे. बैठका दोन प्रकारच्या: काही फक्त व्यसनी व्यक्तींसाठी, काही कोणालाही खुल्या. कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉन नावाची वेगळी संघटना १९५१ पासून आहे.

पैशाच्या बाबतीतला त्यांचा कटाक्ष तर आपल्या अनुदानप्रिय संस्थांनी अभ्यासावा असा आहे. १९३८ मध्ये आरंभीच्या सभासदांनी धाकट्या जॉन रॉकफेलरकडे मोठ्या देणगीसाठी शब्द टाकला. त्यांना रुग्णालये काढायची होती, पगारी कार्यकर्ते नेमायचे होते. रॉकफेलरने ५ हजार डॉलर देऊ केले आणि अधिक पैसा या कामाचा घात करील असे मत दिले. सभासद प्रथम खट्टू झाले, पण पुढे १९५० मध्ये त्यांनी जी बारा सूत्रे औपचारिकपणे स्वीकारली, त्यांत बाहेरची मदत नाकारणे हे एक सूत्रच झाले. म्हणूनच भारत सरकारची कितीही इच्छा असली तरी या समूहांना अनुदान देता येणार नाही. ते घेणारच नाहीत. लाभार्थी मदत घेत नाही, अशा प्रसंगाची आपल्या योजनांच्या नमुन्यांत तरतूद नाही. मला वाटते, प्रशासनाने या समूहांकडे पाठ फिरवण्याचे खरे कारण हे असावे. जेथे खर्चाचे शीर्षक नाही, तेथे फाईल उघडत नाही.

याचा उपयोग होतो का, हा प्रश्न रास्त आहे. माझ्या नोकरीच्या काळात 'याला शास्त्रीय आधार नाही' असे मानसोपचारतज्ज्ञांच्या तोंडून मी ऐकले आहे, आणि २००६ मध्ये झालेल्या कॉक्रेन समीक्षेचा निष्कर्षही तसा सावधच होता. परंतु २०२० मध्ये त्याच कॉक्रेनने २७ अभ्यास आणि १० हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करून नवी समीक्षा प्रसिद्ध केली. रुग्णाला पद्धतशीरपणे या बैठकांशी जोडून देणारे उपचार, अखंड दारूमुक्त राहण्याच्या कसोटीवर, इतर प्रस्थापित समुपदेशन-पद्धतींपेक्षा सरस ठरले, असा तिचा निष्कर्ष आहे. वाचकांनी 'जोडून देणारे' या शब्दांकडे लक्ष द्यावे. बैठक अस्तित्वात असणे पुरेसे नाही. माणूस तेथपर्यंत पोहोचवला जाणे हाच उपचाराचा भाग आहे.

याविषयी १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटासा अमेरिकी प्रयोग मला फार बोलका वाटतो. वीस रुग्ण होते. दहा जणांना नेहमीप्रमाणे पत्ता व वेळ लिहिलेला कागद देण्यात आला आणि जाण्याचा सल्ला दिला गेला. उरलेल्या दहांच्या बाबतीत समुपदेशकाने त्यांच्या समोरच एका जुन्या सभासदाला फोन लावला, दोघांचे बोलणे करून दिले, आणि तो सभासद त्यांना बैठकीला सोबत घेऊन जाईल असे ठरले. दुसऱ्या गटातील दहाही जण बैठकीला गेले. कागद मिळालेल्यांपैकी एकही गेला नाही. वीस माणसांवरून जगाचा नियम बांधू नये हे मला कळते. पण ज्याने तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत 'अर्जदारास कळविण्यात आले' या शेऱ्याचे फलित पाहिले आहे, त्याला या निकालाचे नवल वाटणार नाही.

आपल्या भाच्याचेही तसेच झाले. फोनवरचे ते गृहस्थ तिसऱ्या दिवशी नॅशनल कॉलेजच्या मेट्रो स्थानकाच्या दाराशी उभे होते. बैठक खुली होती, म्हणून मीही गेलो. एका शाळेचा वर्ग, बुटकी बाके, फळ्यावर दुपारच्या भूमितीचे अर्धवट पुसलेले त्रिकोण. कन्नड, इंग्रजी, तमिळ अशा मिश्र भाषांत बोलणे चालले होते. तेथे काय ऐकले ते लिहिणार नाही. तसा तेथील संकेत आहे आणि तो पाळण्यासारखा आहे. त्या मुलाचे पुढे काय झाले, हेही सांगायचे नाही असे त्याचे म्हणणे आहे.

भाषेचा मुद्दा मात्र सांगतो. माणूस व्यवहार परभाषेत करतो, पण शरम मातृभाषेत बाळगतो. आईच्या पाटल्या विकल्याची गोष्ट इंग्रजीत सांगता येते. ती सांगून मोकळे होता येते का, याची मला शंका आहे. मुंबई-पुण्यात व महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत मराठीतून बैठका चालतात. टाळेबंदीच्या काळात अशा अनेक बैठका संगणकाच्या पडद्यावर आल्या आणि त्यांतील काही तशाच टिकल्या. बसवनगुडीतील मराठी मुलाला आठवड्यातून एकदा पडद्यावरची मराठी बैठक आणि उरलेले दिवस प्रत्यक्ष कन्नड-इंग्रजी बैठक, असा मेळ घालता येतो. पडद्यावर चहा मिळत नाही, आणि तोंडाचा वासही कळत नाही. म्हणून केवळ त्यावर विसंबू नये असे जुने सभासद सांगतात.

दुसरी अडचण जागेची. आपल्या शहरांत पुष्कळ समूह चर्चच्या आवारात भरतात. कारण सोपे आहे: चर्चवाल्यांनी जागा दिली, इतरांनी दिली नाही. पण बसवनगुडीतील एखाद्या कर्मठ घरातील गृहस्थाला, 'आपले लोक पाहतील' या भीतीत 'चर्चमध्ये कशाला जातोस' याची भर पडते. बारा पायऱ्यांच्या त्यांच्या कार्यक्रमात ईश्वराचा उल्लेख आहे; ज्याला जसा समजेल तसा ईश्वर, अशी मुभा असली तरी निरीश्वरवाद्याला ते अवघड जाते. अमेरिकेत काही अपील न्यायालयांनी १९९६ च्या सुमारास असे ठरवले की, कैद्यांना या बैठकांना जाण्याची सक्ती करणे राज्यघटनेशी विसंगत आहे. मला तो निर्णय योग्य वाटतो. सक्तीने आणलेला माणूस त्या खोलीतील इतरांचेही नुकसान करतो. ज्यांना ईश्वर नको त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरीसारख्या वेगळ्या पद्धती १९९४ पासून आहेत. स्त्रियांची कुचंबणा आणखी निराळी: पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या बाईने जाऊन 'मी पिते' म्हणणे आपल्या समाजात किती कठीण आहे, याची कल्पना करावी. पुण्याच्या मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला तो उगाच नव्हे.

मुक्तांगणचा विषय निघाला आहे, तर महाराष्ट्राचे ऋण मान्य केले पाहिजे. २९ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या बळावर, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात हे केंद्र सुरू केले. सरकारने जागा दिली आणि कारभार डॉक्टर, कार्यकर्ते व स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसे यांच्या हाती राहिला. मला ते प्रशासकीयदृष्ट्याही अनुकरणीय वाटते. मुक्तांगणने गावोगावी पाठपुराव्याच्या बैठका सुरू केल्या आणि पत्नींसाठी 'सहचरी' हा गट चालवला. त्या आधी आपल्याकडे असे काही नव्हतेच असे नाही. वारकऱ्याची तुळशीची माळ ही एक प्रकारे गावाने मिळून पाळलेली दारूमुक्तीच होती. माळकऱ्याला संध्याकाळी भजनाची बैठक असे, आणि कोणी प्यायचा आग्रह करीत नसे. शहरात आलेल्या माणसाची ती सोबत सुटली. गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. त्या नाटकात पिणाऱ्यांचे 'आर्यमदिरामंडळ' आहे. सोडू पाहणाऱ्यांचे मंडळ नाही. सुधाकराचे काय झाले ते आपण जाणतोच.

शासनाची नजर मात्र सदैव बाटलीवर खिळलेली. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व आहे. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. गडचिरोलीत १९९३ मध्ये बंदी झाली, चंद्रपुरात २०१५ मध्ये झाली व २०२१ मध्ये उठली. महिलांच्या मतदानाने 'बाटली आडवी' करण्याची तरतूद महाराष्ट्राने केली. कर्नाटकाने २००७ मध्ये स्वस्त सारायी बंद केली. यांतील प्रत्येक उपायाची बाजू घेणारे व विरोध करणारे विद्वान आहेत आणि त्या वादात मला शिरायचे नाही. दुकान उघडे असो वा बंद, जो माणूस आधीच व्यसनात बुडाला आहे त्याच्यासाठी पुढची पायरी कोणती, यावर या साऱ्या चर्चेत एक परिच्छेदही नसतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर अवलंबून आहेत, आणि अशा ३८ जणांपैकी एकालाच कोणत्या तरी स्वरूपाची मदत मिळते. कर्नाटक सरकारने २०२५-२६ साठी अबकारी महसुलाचे उद्दिष्ट ४० हजार कोटी रुपयांचे ठेवले आहे. निम्हान्सच्या डॉ. विवेक बेनेगल व सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास कर्नाटकापुरता हिशेब मांडून दाखवला होता, की दारूमुळे होणारे सामाजिक नुकसान तिच्यापासून मिळणाऱ्या महसुलापेक्षा कितीतरी मोठे आहे. नुकसानीचा तो आकडा अंदाजपत्रकात येत नाही, महसुलाचा येतो.

आपल्याच घरात पाहू. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील २२ वा नियम सांगतो की, कर्मचाऱ्याने कामावर असताना मद्याच्या अंमलाखाली असू नये, नशेत सार्वजनिक ठिकाणी वावरू नये, अतिरेकी सेवन करू नये. नियम योग्यच आहे. पण तो मोडणाऱ्याची चौकशी कशी करावी हे आपल्याला पाठ आहे. तो मोडण्याच्या मार्गावर असलेल्याला कुठे पाठवावे हे कोणत्याही पुस्तिकेत नाही. त्यामुळे होते काय, तर सहकारी पांघरूण घालतात. व्यसनाच्या उपचारासाठी घेतलेल्या रजेला कावीळ, टायफॉइड, कंबरदुखी अशी प्रमाणपत्रे जोडलेली मी अनेकदा पाहिली आहेत. खरे कारण लिहिले असते तर गोपनीय अहवालात गेले असते, अशी प्रत्येकाची खात्री असे. अमेरिकेत १९७० मध्ये सिनेटर हॅरल्ड ह्यूज यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि केंद्रीय खात्यांना आपल्या कर्मचाऱ्यांसाठी दारूच्या व्यसनावरील उपचाराचे कार्यक्रम चालवणे भाग पडले. ह्यूज स्वतः व्यसनातून बाहेर आलेले होते आणि ते उघड सांगत. आपल्याकडील एखाद्या आमदाराने वा सचिवाने असे सांगितल्याचे मला तरी आठवत नाही.

आपला कायदा मात्र पुढे गेला आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकारांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येतच केला. शारीरिक व मानसिक आजारांना विमा समान पायावर मिळावा असेही त्यात म्हटले. तरीही आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळण्यांमध्ये मद्यासक्तीवरील उपचार आजही आहेत. याच कायद्याखाली मानसिक आरोग्य आस्थापनांची नोंदणी आवश्यक आहे; 'गाडी पाठवून उचलून आणणाऱ्या' केंद्रांची तपासणी जिल्ह्याजिल्ह्यात किती कसोशीने होते, हे ज्यांच्याकडे ते काम आहे त्यांनी स्वतःला विचारावे.

मग शासनाने करायचे काय? बैठका चालवायच्या नाहीत, हे प्रथम. पैसे द्यायचे नाहीत, उपस्थितीची आकडेवारी मागायची नाही, 'लाभार्थ्यांची' छायाचित्रे काढायची नाहीत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ असे राष्ट्रीय दूरध्वनी आहेत, ते चांगले आहेत. तेथे बसणाऱ्या व्यक्तीसमोर त्या त्या शहरातील आजच्या बैठकांची, भाषा व वेळ लिहिलेली आणि महिन्याला पडताळलेली यादी असावी. पडताळणी म्हणजे कोणीतरी फोन लावून पाहणे, तेवढेच. १९४१ च्या मार्चमध्ये 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट'मध्ये एक लेख आला आणि न्यूयॉर्कच्या छोट्या कचेरीत पत्त्यांसाठी हजारो पत्रे येऊन पडली. वर्षारंभी दोन हजारांच्या आसपास असलेली सभासदसंख्या वर्षाअखेर आठ हजारांवर गेली. गरजू माणसे आधीही होतीच, पत्ता नव्हता. आणि जिल्हा रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाने रुग्णाला घरी सोडताना कागद न देता फोन जोडून द्यावा, हे त्याच्या कर्तव्यसूचीत एका वाक्याने घालता येईल. त्याला ना नवे पद लागते, ना वित्त विभागाची मान्यता.

जागेचेही तसेच. वॉर्डातील वाचनालय संध्याकाळी बंद होते, सरकारी शाळेचे वर्ग दुपारनंतर रिकामे असतात. नाममात्र नव्हे, रीतसर भाडे घेऊन ते द्यावेत. फुकट दिले तर हे लोक घेणार नाहीत. अडचण येते ती अर्जाच्या नमुन्यात. अशा एका सभागृहाचा अर्ज मी मागवून पाहिला. त्यात संस्थेचा नोंदणी क्रमांक, अध्यक्ष व सचिव यांची पूर्ण नावे व निवासाचे पत्ते, आणि उपस्थित राहणाऱ्यांची अपेक्षित यादी असे तीन रकाने आहेत. ज्यांचा अध्यक्ष नाही, नोंदणी नाही आणि ज्यांनी नाव न सांगण्याचीच शपथ घेतली आहे, ते हा अर्ज भरू शकत नाहीत. 'व्यसनमुक्तीसाठी भरणाऱ्या स्वयंसहाय्य समूहांच्या बाबतीत नोंदणी क्रमांकाऐवजी कोणत्याही शासकीय रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञाचे किंवा समाजसेवा अधीक्षकाचे शिफारसपत्र ग्राह्य धरावे, भाडे आगाऊ रोखीने स्वीकारावे, आणि उपस्थितांची यादी मागू नये', एवढा मजकूर परिपत्रकाला पुरेल. मसुदा मी संबंधितांकडे दोनदा पाठवला आहे. पहिल्या वेळी पोच मिळाली. दुसऱ्या वेळी विचारणा आली की, ही योजना कोणत्या लेखाशीर्षाखाली आहे.